रुळांतून जाणारा निरोप

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं पूर्ण केल्याबद्दल सर्वप्रथम आपल्या सगळ्यांचंच अभिनंदन. सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात विषय होता 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. बँकेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार! मी म्हटलं, मुदत ठेवी आणि नॉमिनेशन ह्यांवर मी रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर फुकट सल्ला देतोच. त्याला माईक कशाला? आज मला माझ्या दुसऱ्या खात्याबद्दल बोलू द्या.

ते खातं म्हणजे हे टेबल. सहा फूट बाय चार फूट प्लायवूड, त्यावर लंबगोल रूळ, एक सायडिंग आणि पुठ्ठ्याचं एक स्टेशन. ह्या गाड्या एचओ मापाच्या आहेत, म्हणजे खऱ्या गाडीच्या १/८७. ह्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं तर उत्तर एकोणीसच्या थोडं वर येतं. म्हणजे भारतीय इंजिनाचं मॉडेल ह्यावर ठेवलं की जाणकाराला रूळ जरा अरुंद वाटतात. पण जगभर सहज मिळतात ते हेच रूळ, म्हणून आपण चालवून घेतो.

आता नीट बघा. लाल इंजिन आणि निळं इंजिन, दोन्ही एकाच रुळावर उभी आहेत. मी लाल इंजिन पुढे नेतो. निळं जागचं हललं नाही. आता निळं मागे घेतो. लाल आपलं पुढेच चाललंय. मागच्या आठवड्यात बी विंगमधल्या एका चिमुरडीनं मला विचारलं, "आजोबा, वीज तर एकाच रुळातून येते. मग लाल इंजिनाला कसं कळतं की तुम्ही त्यालाच सांगितलंत?" माझं आजचं सगळं भाषण म्हणजे ह्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. आणि शेवटी सोसायटीपुढे एक मागणी आहे. ती आधी सांगत नाही, नाहीतर अर्धी मंडळी चहाला उठतील.

पूर्वी हे असं होत नसे. जुन्या पद्धतीत रुळांना बारा व्होल्टपर्यंतचा डीसी करंट द्यायचा. व्होल्टेज वाढवलं की गाडी जोरात, कमी केलं की हळू, आणि वायरी उलट केल्या की गाडी उलटी. सोपं काम! पण रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम पळणार. आपल्याकडे वॉचमन पाण्याचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा काय होतं? सगळ्या विंगला पाणी जातं. फक्त तीनशे दोन नंबरला पाणी सोड म्हटलं तर जमेल का? नाही. कारण व्हॉल्व्ह पाईपला आहे, घराला नाही.

मग छंदी लोकांनी काय केलं, तर रुळांचेच तुकडे पाडले. त्याला ब्लॉक म्हणतात. प्रत्येक ब्लॉकला वेगळी वायर, वेगळा स्विच. गाडी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात शिरण्याआधी तुम्ही पुढचा स्विच आपल्या कंट्रोलरकडे वळवायचा. चार गाड्या आणि वीस ब्लॉक झाले की टेबलाखाली वायरींचं जंगल. माणूस गाडी चालवायचं सोडून स्विचच पाडत बसतो.

ह्या जंगलातून संगणकाच्या इतिहासातली एक फार महत्त्वाची वाट गेली आहे, ती सांगतो.

अमेरिकेत बोस्टनजवळ केंब्रिज नावाचं गाव आहे. तिथे एमआयटी ही जगप्रसिद्ध संस्था. १९४६ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी छोट्या आगगाड्यांचा एक क्लब काढला. नाव टेक मॉडेल रेलरोड क्लब. त्यांना जागा मिळाली 'बिल्डिंग २०' मध्ये. नुसता नंबर, नाव नाही. ही इमारत १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, रडारच्या संशोधनासाठी घाईघाईनं उभी केलेली लाकडी इमारत होती. युद्ध संपलं की पाडायची असं ठरलेलं. ती पाडली १९९८ मध्ये. तात्पुरत्या बांधकामाचं आयुष्य किती असतं हे आपल्यालाही माहीत आहे! पण तात्पुरती असल्याचा फायदा असा की तिथे कोणी भिंतीला भोक पाडलं किंवा छतातून वायर नेली तर विचारायला कोणी येत नसे.

क्लबात दोन तट होते. एक तट टेबलाच्या वर रमायचा. डबे रंगवणं, डोंगर-झाडं करणं, खऱ्या रेल्वेचं वेळापत्रक पाळणं. दुसरा तट टेबलाच्या खाली. त्यांच्या समितीचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर'. त्यांना टेलिफोन कंपनीकडून एक्स्चेंजमधलं जुनं सामान मिळालं होतं. रिले, स्विच, आणि आपल्या काळ्या फोनवर असायची तशी गोल तबकडी. ती तबकडी फिरवून चालवणारा सांगायचा की मला अमुक ब्लॉक हवा. तेवढा ब्लॉक त्याच्या ताब्यात यायचा. मंडळी, आपण फोन फिरवून मामाकडे बोलायचो, ही मुलं फोन फिरवून आगगाडी चालवत होती.

ह्या क्लबाचा एक नियम मला फार आवडतो. लेआउटवर चाळीस तास काम केलं की सभासदाला खोलीची किल्ली मिळायची. वर्गणी भरली म्हणून नव्हे. काम केलं म्हणून.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी ह्याच टेबलाखालच्या मुलांची नजर संगणकावर पडली. त्या वेळी एमआयटीत आयबीएम ७०४ हा अवाढव्य संगणक होता. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. तुम्ही आपलं काम छिद्रं पाडलेल्या कार्डांवर लिहून खिडकीत द्यायचं, आतले लोक ती यंत्रात घालणार, आणि उत्तर नंतर कधीतरी मिळणार. चूक असली तर पुन्हा पहिल्यापासून. देवळात गाभाऱ्यापर्यंत फक्त पुजारी जातात, तसा प्रकार.

१९५८ मध्ये तिथे टीएक्स-० नावाचा दुसरा संगणक आला. तो ट्रान्झिस्टरचा होता आणि त्याच्यासमोर स्वतः बसता यायचं. ह्या क्लबाचे एक माजी सभासद जॅक डेनिस तोवर एमआयटीत शिकवू लागले होते. त्यांनी मुलांना तो वापरू दिला. दिवसा संशोधक असायचे, म्हणून मुलं रात्री जायची. रिलेच्या मंडलात 'असं असेल तर तसं कर' हे तारांनी जोडावं लागे. इथे तेच टाईप करून सांगता येत होतं. टेबलाखाली पाठ दुखवून जे शिकले, तेच त्यांना इथे उपयोगी पडलं.

पुढे १९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीनं एमआयटीला पीडीपी-१ हा संगणक दिला. त्याला गोल पडदा होता. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' हा खेळ केला. दोन अंतराळयानं एकमेकांवर मारा करतात. आजच्या मुलांच्या सगळ्या व्हिडिओ गेम्सच्या पणजोबांपैकी हा एक. हा खेळ यंत्राच्या पुढ्यातल्या खटक्यांवर खेळताना कोपर दुखायचे. मग ॲलन कोटोक आणि रॉबर्ट साँडर्स ह्या दोघांनी रेल्वे क्लबातलं पडीक सामान, लाकूड आणि स्विच वापरून हातात धरायच्या दोन पेट्या केल्या. आज मुलांच्या हातात असतो त्या गेम कंट्रोलरचा हा जुना अवतार. हेच कोटोक पुढे पीडीपी-१० ह्या नावाजलेल्या संगणकाचे मुख्य रचनाकार झाले.

आणखी एक गंमत. 'हॅकर' हा शब्द ऐकला की आपण लगेच ओटीपी लपवतो. पण संगणकाच्या जगात हा शब्द वापरात आला तो ह्या क्लबातल्या बोलीतून. पीटर सॅमसन ह्या सभासदानं १९५९ मध्ये क्लबातल्या शब्दांचा छोटा कोश लिहिला, त्यात 'हॅक' हा शब्द आहे. ज्यातून पैसा मिळत नाही, पण करण्यात मजा आहे आणि ज्यात काही कल्पकता आहे अशा उद्योगाला ते 'हॅक' म्हणत. चोरी-लबाडीचा अर्थ मागाहून चिकटला. त्या अर्थानं आपल्या गणपतीत दर वर्षी हलता देखावा करणारी सी विंगची मुलं पक्की हॅकर आहेत. कृपया गैरसमज नसावा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लाल इंजिनाला कसं कळतं?

व्हॉल्व्ह पाईपला न ठेवता घराला बसवायचा, ही त्यातली युक्ती. म्हणजे रुळात वीज कायम पूर्ण ठेवायची आणि हुकूम घेणारा भाग इंजिनाच्या पोटात घालायचा. हा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं १९६० च्या दशकातच ॲस्ट्रॅक नावाची अशी पद्धत काढली. तिच्यात पाच इंजिनं वेगवेगळी चालवता येत. पण त्या काळातले सुटे भाग मोठे. लहान इंजिनाच्या पोटात ते मावायचे कसे? छोटी चिप आल्यावर वाट मोकळी झाली. १९८० च्या सुमारास इंग्लंडच्या हॉर्न्बी कंपनीनं मायक्रोप्रोसेसर वापरून 'झिरो-१' ही पद्धत आणली. तिच्यात सोळा इंजिनं. मग जर्मनीच्या मॅर्कलिननं १९८५ च्या सुमारास 'मॅर्कलिन डिजिटल' आणली, मोटोरोलाच्या चिपवर. त्यात ऐंशी पत्ते. आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्याच लेन्झ ह्या कंपनीनं एक पद्धत केली, जिच्यावर आजची डीसीसी उभी आहे. डीसीसी म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. हे टेबल त्याच पद्धतीनं चालतं.

ह्या रुळांत आत्ता साधारण पंधरा व्होल्ट आहेत, आणि गाडी उभी असली तरी ते असतातच. त्या विजेची दिशा सारखी उलटसुलट होत असते. ह्या उलटसुलट होण्याच्या वेळेतच निरोप भरलेला असतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले आणि त्यातल्या ५८ भागांनंतर दिशा बदलली, तर तो '१'. शंभर किंवा जास्त भाग लागले, तर तो '०'. बस्स. तीच वीज मोटर चालवते, तीच निरोप पोचवते. वेगळी वायर नाही, वेगळा रेडिओ नाही.

निरोपाची रचना आपल्या पोस्टकार्डासारखी आहे. आधी निदान चौदा वेळा '१' पाठवायचे. म्हणजे 'ऐका हो ऐका' अशी दवंडी. मग पत्ता. मग मजकूर. आणि शेवटी ताळा. मुलांनो, हे फळ्यावर लिहितो, वहीत उतरवून घ्या.

पत्ता : ००००००११
मजकूर : ०११०१०००
ताळा : ०११०१०११

पहिली ओळ म्हणजे दोनच्या पटीतल्या मोजणीत ३. म्हणजे तीन नंबरचं इंजिन. दुसऱ्या ओळीत आहे 'पुढे जा, आणि वेग अमुक ठेव'. तिसरी ओळ मीच वरच्या दोन ओळींवरून काढली. वरखाली बघायचं. दोन्ही अंक सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. इंजिनाच्या पोटातली चिप, म्हणजे डिकोडर, हाच हिशोब स्वतः करून बघते. ताळा जमला तर हुकूम मान्य. नाही जमला तर ती सरळ कानाडोळा करते. गाडी उधळत नाही, थांबत नाही, आधीचं काम चालू ठेवते. कंट्रोलर तोच निरोप पुन्हा पाठवतोच. असे शंभराहून जास्त निरोप एका सेकंदात जातात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की विचारू नका. कारण संध्याकाळी बेरीज-ताळा जमल्याशिवाय घरी न जाणाऱ्या पिढीतला मी माणूस. आणि पत्त्याचं म्हणाल तर तुमच्या चेकच्या तळाशी जे नऊ आकडी एमआयसीआर कोड छापलेले असतात, ते तरी काय आहे? पहिले तीन आकडे शहराचे, पुढचे तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे सगळे ४०० ने सुरू होतात. पूर्वी ढीगभर चेक एकाच यंत्रातून जात आणि प्रत्येक आपापल्या ठिकाणी पडे. ह्या इंजिनांचंही तसंच. निरोप सगळ्यांनाच ऐकू जातो. लाल इंजिन तीन नंबरचं, निळं सात नंबरचं. तीनची हाक आली की सात गप्प. शून्य हा पत्ता मात्र सर्वांसाठी. त्यावर 'थांबा' सांगितलं की सगळी थांबतात. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज येतो तसं. आपल्याकडे थांबतात की नाही, ते मी बोलत नाही.

नवा डिकोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याचा पत्ता ३ असतो. दोन नवी इंजिनं आणून तशीच रुळावर ठेवलीत तर दोन्ही एकदम पळतील. आधी एकाचा पत्ता बदलायचा. छोटे पत्ते १ ते १२७, आणि मोठे दहा हजारांच्या वर जातात, म्हणून लोक खऱ्या इंजिनाचा चार आकडी नंबरच पत्ता म्हणून देतात. ह्या पद्धतीचा शत्रू एकच, धूळ. रूळ मळले की वीजही तुटते आणि निरोपही. दर आठवड्याला सुती फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रूळ पुसावे लागतात. सौभाग्यवती म्हणतात, एवढ्या निगुतीनं कधी खिडक्या पुसल्या असत्या तर!

मंडळी, ह्या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट यंत्रातली नाही. ऐंशीच्या दशकात प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. एकीचा कंट्रोलर, दुसरीचं इंजिन, दोघांचं जमायचं नाही. एकदा एका कंपनीचं घेतलं की जन्मभर तिचंच गिऱ्हाईक. अमेरिकेत नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन नावाची संस्था आहे. १९३५ मध्ये स्थापन झालेली, छंदी सभासदांची संस्था. रूळ आणि चाकं कुठल्याही कारखान्याची असोत, एकमेकांना जुळली पाहिजेत, म्हणून तिनं फार आधी मापं ठरवून दिली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं हेच काम डिजिटल निरोपांसाठी केलं. लेन्झची पद्धत पायाला धरली आणि वर सांगितलेले ५८ आणि १०० चे आकडे, दवंडी, पत्ता, ताळा हे सगळं कागदावर मांडून सर्वांसाठी खुलं केलं. कोणीही वाचावं, कोणीही त्याप्रमाणे वस्तू बनवावी. सक्ती कोणावर नव्हती. पण जो पाळेल त्याचा माल सगळीकडे चालेल. म्हणून आज माझ्या टेबलावर एका देशातलं इंजिन, दुसऱ्या देशातला डिकोडर आणि माझ्या भाच्यानं छोट्या बोर्डावर स्वतः जुळवलेला कंट्रोलर, तिघं एकमेकांशी बोलतात. ह्याला आपण मराठीत काय म्हणतो? सहकार. आपल्या उपविधींत जे लिहिलंय त्याचंच हे दुसरं रूप आहे.

आता आपल्याकडचं थोडं बोलतो. आपल्या देशात पूर्णपणे घडवलेला पहिला मोठा संगणक मुंबईतच झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तो बांधला गेला, १९६० मध्ये तो कामाला लागला, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. पुढे १९८४-८५ मध्ये सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून शाळाशाळांत बीबीसी मायक्रो हे संगणक दिले. आपल्यापैकी पन्नाशीच्या आसपासच्या काहींनी ते पाहिले असतील. आमच्या बँकांत १९८३ मध्ये संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग शाखांत एएलपीएम नावाची यंत्रं येऊ लागली. ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. आमच्या शाखेत त्यासाठी काचेची एसी केबिन केली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. अगदी गाभारा! बाहेर आमची भीती अशी की हे यंत्र आपली नोकरी खाणार. आत दोघे जण निवांत.

त्या काळात मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ज्यांना यंत्राला हात लावायला मिळाला त्यांची भीती महिन्याभरात गेली. फ्लॉपी घालणं, काढणं, चुकीची नोंद का झाली ते शोधणं, ह्यात ते रमले. ज्यांना काचेबाहेरूनच बघावं लागलं, ते निवृत्त होईपर्यंत त्याला 'तो डबा' म्हणत राहिले. हुशारीत दोन्ही गट सारखे होते. फरक काचेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बाजूचा होता.

आज आपल्या नातवंडांच्या हातात टिफ्रॅकपेक्षा कितीतरी पटींनी ताकदवान यंत्र आहे. पण ते बंद आहे. त्याला स्क्रू नाही. बिघडलं की बदलायचं. काच पुन्हा आलीच, फक्त ती आता हातात मावते. म्हणून त्या मुलीनं 'कसं कळतं?' असं विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. आणि तिला उत्तर नुसतं तोंडी द्यायचं नाही, असंही त्याच वेळी ठरवलं.

आता मागणी. पंपाशेजारची जुनी जनरेटरची खोली सगळ्यांना माहीत आहे. दहा बाय बाराची. सध्या तिथे गणपतीची जुनी मखरं, मोडक्या खुर्च्या आणि कोणाच्या तरी दोन सायकली आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ती खोली पार्सल ठेवायला भाड्यानं द्यायचा ठराव येणार आहे. त्या ठरावात वावगं काही नाही. उत्पन्न येईल, मेंटेनन्सला थोडा हातभार लागेल. बँकेतला माणूस म्हणून भाड्याला नाक मुरडणं मला जमणार नाही. पण माझं म्हणणं एवढंच की दुसरा एक ठराव त्याच्या शेजारी ठेवा आणि दोन्हींवर विचार करून हात वर करा. ती खोली एक वर्षासाठी मुलांच्या कार्यशाळेला द्यावी.

कोणी म्हणेल, आवाज होईल, वीज जळेल, एखाद्याला शॉक लागला तर जबाबदार कोण? हे प्रश्न रास्त आहेत. म्हणून अटी मीच लिहून आणल्या आहेत. एक, वेळ संध्याकाळी पाच ते आठ. दुपारच्या झोपेला धक्का नाही. दोन, भिंतीतल्या २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. ते बटण मोठ्यांपैकी कोणी चालू-बंद करणार, मुलांचं सगळं काम ॲडॉप्टरनंतरच्या कमी व्होल्टेजवर. तीन, सोल्डरिंग करताना एक तरी मोठं माणूस हजर पाहिजे. मी रोज येईन, आणि इलेक्ट्रिकलमध्ये आयुष्य घालवलेले आणखी दोघे सभासद आठवड्यातून दोनदा यायला तयार आहेत. चार, दारात एक रजिस्टर. कोण आलं, किती वाजता, काय केलं. पाच, ज्यानं किंवा जिनं वीस तास काम भरलं त्याला किल्लीच्या यादीत जागा. चाळीस तास एमआयटीला, आपल्याला वीस पुरे. यादीत नाव आलं की घरातल्या मोठ्या माणसाबरोबर येऊन खोली उघडता येईल. मुलगा-मुलगी भेद नाही. साठीच्या पुढचेही चालतील.

आणि सहावी अट माझ्यावर. हे टेबल, रूळ, दोन्ही इंजिनं, कंट्रोलर आणि वायरीचा खोका मी सोसायटीच्या नावे लिहून देणार आहे. पत्र तयार आहे, सचिवांकडे आजच देतो. उद्या ठराव नापास झाला तरी पत्र मागे घेणार नाही. माझी दोन्ही मुलं परदेशात आहेत. त्यांना प्लायवूड पाठवता येत नाही, आणि माझ्यामागे हे भंगारवाल्याच्या हातगाडीवर जावं अशी माझी इच्छा नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं नॉमिनेशन करून ठेवावं, हे मी गेटवर रोज सांगतो. हे माझं नॉमिनेशन समजा.

वर्ष संपलं की रजिस्टर सर्वसाधारण सभेपुढे ठेवू. पानं भरलेली असली तर मुदत वाढवा. कोरी असली तर खोली खुशाल भाड्यानं द्या. त्या ठरावाला पहिला हात माझा वर असेल.

सुटीत पुण्याला जाणं झालं तर मुलांना कोथरूडला कर्वे रस्त्यावरचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय जरूर दाखवा. भाऊसाहेब जोशी ह्या एका माणसाच्या छंदातून ते उभं राहिलं आणि १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. एवढं मोठं काम आपल्या दहा बाय बारात होणार नाही. पण तीन नंबरचं इंजिन पुढे आणि सात नंबरचं मागे, इतकं नक्की होईल. आणि ते का होतं, हे सांगू शकणारी पाच-सहा मुलं आपल्या आवारात असतील.

आता भाषण पुरे. मुलांनो, फळ्यावरच्या पहिल्या ओळीत ३ च्या जागी ७ लिहा, म्हणजे ०००००१११, आणि नवा ताळा काढा. ज्याचा ताळा जमेल त्यानं पुढे यावं आणि निळं इंजिन स्वतः चालवावं. मोठ्यांना चहा आहे.